द्यायच्या साड्या

माय, डावा हात बाहीत गेला होता, उजवा कोपरापर्यंत जाऊन अडकला होता आणि ब्लाउज पाठीवर पीळ बसल्यासारखं गोळा झालं होतं. ते पुढे ओढता येईना, मागे काढता येईना. कपाटाच्या आरशात परकर नेसलेली एकोणसाठ वर्षांची एक बाई दिसत होती. तिने तीस वर्षं कॉलेजात मराठी शिकवलं होतं आणि तिला स्वतःच्या बाहीतून बाहेर पडता येत नव्हतं. साखरेच्या दुखण्यात खांदा असा आखडतो, हे डॉक्टरांनी आधी सांगून ठेवलं होतं. उजवा हात छातीच्या वर जाणार नाही, पाठीमागे तर मुळीच नाही. वर्ष-दीड वर्षात सुटेल किंवा सुटणार नाही. भाची बाहेरच्या खोलीत बसली होती. तुझ्या मुलाची मुलगी. तू गेलीस तेव्हा नऊ वर्षांची होती, आता पुण्यात नोकरी करते, दिवाळीला दोन दिवस माझ्याकडे चिखलीला आली होती. तिला हाक मारण्याआधी मी वीस मिनिटं तशीच उभी राहिले. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. तुला सांगायला हरकत नाही. तू आता ते चार घरी नेऊ शकत नाहीस.

तिने ते ब्लाउज काढलं, लहान मुलाचा स्वेटर काढावा तसं. मग चहा केला आणि फोनवर यादी करायला बसली. पाच कुर्ते, समोरून बटणांचे. तीन पँटी, कमरेला इलास्टिक. सगळे रंग असे की कशावरही काहीही चालावं: राखाडी, पांढुरका, बेज. तिच्या ऑफिसातल्या बायका म्हणे असंच कपाट ठेवतात. सकाळी डोळे मिटून हात घातला तरी चूक होत नाही. तिने मला बेज रंग फोनवर मोठा करून दाखवला. पोतं दहा वेळा धुतल्यावर जो रंग उरतो तो. मी म्हणाले, मी साडी नेसते. ती म्हणाली, "आत्या, साडी मुळात सोयीची नाहीच." हे वाक्य मी लगेच ओळखलं. ते माझंच होतं. कोणाला म्हटलं होतं ते तुला आठवत असेल.

मग ती सरळ बोलली. पुण्यात तिच्याकडे एक खोली रिकामी आहे. इथे एकटीला कपडेही घालता येत नसतील तर मी इथे राहायचं कशासाठी. माझ्या घराचं कुलूप तिच्या डोळ्यांसमोर लागलेलं मला दिसत होतं. काकूच्या नातवाचं लग्न शेगावला ठरलेलं होतं, तुझ्या धाकट्या जावेच्या नातवाचं. भाची त्या दिवशी सकाळी जीप घेऊन मला न्यायला येणार होती. मी म्हणाले, त्या सकाळी बघ. तिने विचार करून अट घातली. साडेसातला मी कोणाच्याही मदतीशिवाय तयार होऊन दारात उभी दिसले तर पुण्याचा विषय बंद. नाही दिसले तर लग्नाहून परस्पर पुणे. मी हो म्हणाले. या घरात मी अठ्ठावीस वर्षं राहिले आहे आणि ते राखायची परीक्षा एका ब्लाउजवर येऊन ठेपली होती. मी आयुष्यभर पोरांच्या परीक्षा घेतल्या, पण इतका हलका पेपर कधी काढला नाही.

भाची गेली त्या दुपारी मी तुझी पेटी दिवाणाखालून ओढून काढली, डाव्या हाताने. एकोणीस वर्षं मी तिच्याकडे पाहिलं नव्हतं. आत अडतीस साड्या निघाल्या. एकही नेसलेली नव्हती. त्याखाली टॉवेल, टोप्या, शर्टाचे तुकडे, आणि ब्लाउजपीस इतके की मी मोजायचे सोडून दिले. पन्नास वर्षांचा आहेर. लोकांनी लग्नाबारशात तुझ्या मांडीवर ठेवलेला आणि तू दुसऱ्या कोणाच्या मांडीवर ठेवण्यासाठी जपलेला. कोणीतरी कधीतरी दुकानातून विकत घेतलेली साडी नेसणाऱ्या बाईपर्यंत कधी पोचतच नाही, ती फक्त घरं बदलत राहते. तू त्यावर आणखी एक पद्धत बसवली होतीस. प्रत्येक घडीत एक चिठ्ठी, चौथी शिकलेल्या अक्षरात, शिसपेन्सिलीने. "खामगाववाली, पोरीच्या लग्नात. रंग बरा." "मास्तरीणबाई, बारशाला. परत तिकडे जाऊ नये." देणाऱ्याचीच साडी चुकून देणाऱ्याच्याच घरी गेली तर तोंड दाखवायला जागा उरत नाही, म्हणून हा बंदोबस्त. मी मोठमोठी ग्रंथालयं पाहिली आहेत. इतकी चोख नोंद कुठे पाहिली नाही, आणि इतकी निरर्थकही.

तुझ्या लेखी साड्यांच्या दोनच जाती होत्या. मला कॉलेजच्या मुलाखतीचं पत्र आलं तो दिवस मला अजून दिसतो. वरवट बकालच्या घरी तू चुलीपुढे बसली आहेस, परातीत भाकरी थापते आहेस, धूर दाराकडे जातो आहे. मी उंबऱ्यात उभी आहे आणि पेटीतली निळी साडी मागते आहे, एका दिवसापुरती. तू मान वर केली नाहीस. म्हणालीस, "त्या द्यायच्या साड्या हायेत वो. नेसायच्या नाईत." मी म्हणाले, मग नेसायची दे. "नेसायच्या दोनच हायेत. एक माह्या अंगावर हाय, एक वाळून राह्यली." आणि भाकरी तव्यावर टाकलीस. पेटीत अडतीस, किंवा तेव्हा असतील वीस-बावीस, आणि मी मुलाखतीला मैत्रिणीची साडी नेसून गेले, तिच्या उंचीची, माझ्या घोट्यांच्या वर राहिलेली. नोकरी लागली. घोटे झाकलेले असते तरी लागली असती, पण तो मुद्दा नाही.

पहिल्या पगारात मी तुला साडी घेतली. खामगावच्या बाजारात तीन दुकानं फिरून, मोरपंखी, सुती, बारीक काठाची. दुकानदार रेशमी पुढे करत होता, मी त्याला सांगितलं की रोज नेसायची हवी आहे. तुला देताना तुलाही तेच सांगितलं. नेस. तू हातात घेतलीस, पोत पाहिलास, काठ उलटून पाहिलास, चांगली हाय म्हणालीस. दोन वर्षांनी शेगावच्या स्टेशनवर मी गाडीची वाट बघत होते, आणि ती साडी माझ्यासमोरून चालत गेली. एका अनोळखी बाईच्या अंगावर. मी तिच्या मागे जाऊन विचारलं की साडी कुठून घेतली. ती खूश झाली. म्हणाली, आहेरात आली, नांदुऱ्याच्या एका लग्नात, वरवटकडच्या एका बाईने दिली. मी त्याच दिवशी उलटी फिरून वरवटला आले आणि तुला विचारलं. तू अजिबात गडबडली नाहीस. "चांगली होती म्हनूनच देल्ली. वाईट कोनी देते का?" मी त्यानंतर तुला कधी काही घेतलं नाही. गाऊन घेतले, ते खूप पुढे, आणि ते तुला कोणाला देता येणार नव्हते.

पण एक साडी अशीही होती की जी तू चांगली नव्हती म्हणून जपलीस. दादाच्या लग्नातली. तू वरमाय, मांडवात पाटावर बसलेली, आणि काकूने तुझ्या मांडीवर एक जांभळी साडी ठेवली. घरी येऊन तू घडी मोडलीस तर आत बोटभर रुंदीच्या पट्ट्याचा रंग उडालेला, घडीच्या रेघेवर. ती साडी कितीतरी घरं फिरून आली होती आणि सगळ्यांच्या पेट्यांत दमटात पडून होती. घरोघरी हेच चालतं, तूही तेच करायचीस, पण सख्ख्या जावेने वरमायला, थोरल्या पोराच्या लग्नात, चार माणसांपुढे? तू काकूशी भांडली नाहीस. भांडणं तुला हलकी वाटायची. तू फक्त तिच्याशी बोलणं कामापुरतं केलंस आणि मला म्हणालीस, "हेच तिच्या पोराच्या लग्नात तिच्या मांडीवर ठेवीन. हाच पट्टा वर करून." मग तू वाट बघायला लागलीस. काकूचा एकुलता एक मुलगा चार वर्षांनी अकोल्याला जाऊन कोर्टात लग्न करून आला. मांडव नाही, पंगत नाही, आहेर नाही. गावात सगळे त्याच्या नावाने बोटं मोडत होते, बाईची जात कोणती, रजिस्टरवर सह्या कोणाच्या. तुझा राग वेगळाच होता. त्याने तुझा मांडव काढून नेला होता. त्यानंतर तू त्या साडीचं नाव घेतलं नाहीस.

मग तुझी उजवी बाजू गेली. दादाच्या घरी तुला बघायला कोणी नव्हतं, म्हणजे वहिनी होती. मी तुला चिखलीला आणलं, आणि तू म्हणालीस पेटीही आण, म्हणून पेटीही आणली. अडीच वर्षं. माझं कॉलेज सकाळी सव्वासातचं. पहिल्या आठवड्यात मी तुला रोज साडी नेसवायचा प्रयत्न केला. अर्धं शरीर तुझं नव्हतं, उरलेलं अर्धं मदत करायला तयार नव्हतं, आणि निऱ्या माझ्या हातातून सुटायच्या. मग मी शहाण्या माणसासारखा विचार केला. बाजारातून तीन गाऊन आणले, एकाच मापाचे, एकाच रंगाचे, समोरून चेन. तपकिरी, कारण डाग दिसत नाहीत. एक अंगावर, एक दोरीवर, एक घडी करून. सहा मिनिटांत तू तयार व्हायचीस. स्टाफरूममध्ये मी हे सांगितलं तेव्हा दोघीतिघींनी मान डोलावली, एकीने दुकानाचं नाव विचारलं. मला माझ्या व्यवस्थेचा अभिमान वाटला. भाचीची यादी मी आज हसण्यावारी नेते, पण तिच्या आधी एकवीस-बावीस वर्षं मी ती करून बसले होते, आणि माझी अधिक काटेकोर होती. तिच्यात निदान तीन रंग आहेत.

तू पहिल्याच दिवशी म्हणालीस, "हे मले घालू नको. हे कपडा नाई, खोळ हाय. गादीले घालतेत." मी म्हणाले, माय, साडी आता सोयीची नाही. तू विचारलंस, "कोनाच्या सोयीची?" तुझं तोंड वाकडं झालं होतं, शब्द ओले यायचे, पण तेवढे दोन स्पष्ट आले. मी न ऐकल्यासारखं केलं आणि चेन वर ओढली. आणखी एक गोष्ट तू रोज सांगायचीस. मी तुझा चांगला हात आधी घालायची, कारण तो आपणहून पुढे यायचा, आणि मग मेलेला हात उरलेल्या चिंचोळ्या जागेतून ओढायची. तू कण्हायचीस. म्हणायचीस, "दुखरा हात पयले घाल. दुखऱ्याचा मान पयले." मला वाटायचं हा तुझा आहेराचाच हिशोब, मानपान अंगावरच्या हातांपर्यंत आलेला. घड्याळात सात वाजून गेलेले असायचे. मी एकदाही करून पाहिलं नाही.

तुझी शेवटची दिवाळी. काकू भेटायला आली, वरवटहून जीपने, हातात चिवड्याचा डबा. मी आत चहा ठेवला होता. तुम्ही दोघी अकरा-बारा वर्षं कामापुरत्या बोलत होतात, म्हणून बाहेर शांतता असणार असं मी धरून चालले होते. बाहेरून तुझा आवाज आला. "माह्या पोरीनं मले आहेर केला. तीन खोळा." काकूला आधी कळलं नाही. मग कळलं. ती हसायला लागली ती खोकला येईपर्यंत हसली, आणि तूही हसलीस, त्या अर्ध्या तोंडाने, लाळ गळेपर्यंत. कपबशा घेऊन मी दारात उभी होते. इतक्या वर्षांनी तुम्ही दोघी एका बाजूला झाला होतात आणि दुसऱ्या बाजूला मी होते. काकू डोळे पुसत म्हणाली, "बस वो बाई, तूही बस. शिकलेल्या मानसानं गंमत समजून घ्यावं." मी बसले. चहा प्यायले. तुम्हाला लाडू वाढले.

जानेवारीत तू गेलीस, पहाटे, दोन नंबरच्या खोळीत. दुपारपर्यंत माणसं जमली. अंघोळ घालायला शेजारच्या दोघी आणि काकू आत आल्या आणि त्यांनी तुला नेसवायला माझ्याकडे कोरी साडी मागितली. घाई होती, बाहेर दादा सारखं घड्याळ बघत होता. मी पेटी उघडली, हाताला वर जी लागली ती काढली आणि काकूच्या हातात दिली. ती जांभळी होती. काकूने घडी सोडली. तिला तो पट्टा दिसला. ती थांबली, काठ उलटून पाहिला, पुन्हा पट्ट्यावर बोट फिरवलं. मला वाटलं आता काहीतरी होईल. ती खाली बसली, आणि तिने जो हंबरडा फोडला तो बाहेरच्या पुरुषांनीही ऐकला. "हे माह्या हातची साडी हाय. बारा वर्षं घडी मोडली नाई. जपून ठेवली माह्या जाऊनं, मरनाले." शेजारणींनी तोंडाला पदर लावले. नेसवताना काकूने तो उडालेला पट्टा निऱ्यांच्या आत घेतला, हळूच, दिसणार नाही असा. तेव्हापासून एकोणीस वर्षं ती ही गोष्ट सांगते आहे. लग्नात सांगते, तेराव्याला सांगते, मी शेगावच्या बाजारात एका परक्या बाईच्या तोंडून ती ऐकली आहे. जावा असाव्यात तर अशा. ज्या साडीचा तुला तिच्या तोंडावर आहेर करायचा होता ती नेसून तू गेलीस, आणि गावाने त्याची माया केली. मी एकदाही कोणाला दुरुस्त केलं नाही. मला ती गोष्ट ऐकायला आवडायची, वाईट लिहिलेलं पुस्तक खपताना पाहावं तशी.

तर पेटीतून मी पाच साड्या वेगळ्या काढल्या. पातळ पोताच्या, फार न फुगणाऱ्या, माझ्या डोळ्यांना सहन होतील अशा. बाकीच्या तेहतीस चिठ्ठ्यांसकट वहिनीकडे पाठवल्या. तिने त्या आनंदाने घेतल्या. तुझी व्यवस्था अबाधित आहे. बाजार समितीच्या मागच्या गल्लीत एक टेलरबाई आहेत, शाळेच्या गॅदरिंगमध्ये मुलींना शिवलेल्या साड्या करून देतात. निऱ्या शिवून पक्क्या, कमरेला नाडी, परकरासारखी पायातून चढवायची, पदर तेवढा मोकळा. मी पाचही त्यांच्यापुढे ठेवल्या. त्यांनी घड्या चाचपल्या, कोऱ्या साड्यांचा वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. "मॅडम, कोरी साडी कापते का कोणी? लग्नसराई आहे, देऊन टाका." मी म्हणाले, कापा. त्यांनी पुन्हा विचारलं. एकदा कापली की आहेरात चालणार नाही, हे मला माहीत आहे ना. मला माहीत होतं. त्यांनी निळीवर कात्री लावली तेव्हा मी समोर स्टुलावर बसून पाहिलं. तीच निळी होती का मुलाखतीच्या वेळची, ते मला सांगता येणार नाही. चिठ्ठीवर फक्त "मेहकरची, निळी" होतं.

ब्लाउजं सगळी गडद राखाडी शिवून घेतली, पाचांवर चालणारी. हो, राखाडी. भाचीच्या यादीतलं तेवढं मी चोरलं. समोरून उघडी, हुकांच्या जागी टिचबटणं, कारण टिचबटण डाव्या हाताच्या अंगठ्याने दाबता येतं, आणि बाह्या दोन बोटं सैल. सुताराकडून कपाटातला दांडा खाली घेतला, माझ्या छातीच्या उंचीवर. वरचे दोन कप्पे रिकामे ठेवले. हात जिथे पोचत नाही तिथे काही ठेवायचं नाही, एवढा एकच नियम मी केला. प्रत्येक हँगरवर साडी, तिच्यावर ब्लाउज, पदराला पिन आधीच टोचलेली. कपाटाजवळ खुर्ची, पायात चढवायचं बसून. चपला मागे पट्टा नसलेल्या. खांद्याच्या व्यायामासाठी मी ज्या मुलीकडे जाते, ती पंचवीस वर्षांची असेल, तिने पहिल्याच दिवशी सांगितलं: "मॅडम, कपडे घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. हे कधी उलटं करायचं नाही." ती हे चार वर्षं फी भरून शिकली होती. मी वहीत लिहून घेतलं. घरी येऊन करून पाहिलं तर हात गेला. नुसता गेला, काही न होता.

पहिल्या दिवशी एकतीस मिनिटं लागली. काल अकरा. मी रोज सकाळी घड्याळ लावून नेसते, जिला कुठे जायचं नाही अशी बाई. गेल्या आठवड्यात काकूचा फोन आला, लग्नाचं बोलावणं. ऐंशीची झाली आहे, आवाज पूर्वीसारखाच आहे. म्हणाली, आहेर आणू नको, पेट्या भरल्या आहेत, नुसती ये. मग म्हणाली, "माह्यानं आता नेसनं होत नाई वो बाई. सून गाऊन चढवून देते. नातवाच्या लग्नात तरी लुगडं नेसवा म्हनलं, तर म्हन्ते त्या दिवशी टाइम कोनाले हाय." मी रंग विचारला नाही. तिने सांगितला, "तपकिरी हाय. तुह्यासारखाच." आणि हसली. मी फोन ठेवला आणि टेलरबाईंकडे जाऊन पाचवी साडी, आमसुली, काकूच्या कमरेच्या अंदाजाने परत शिवायला टाकली, सोबत समोरून उघडं ब्लाउज, बाह्या चार बोटं सैल. ती पिशवीत घालून दाराशी ठेवली आहे. ती तिला पेटीत ठेवता येणार नाही, पुढे कोणाला देता येणार नाही. कापलेली आहे. नेसावीच लागेल. याला माया म्हणू नकोस, त्या शब्दाचं काकूने काय केलं ते मी पाहिलं आहे.

उद्या साडेसातला जीप येईल. आता दुपारचे चार वाजलेत, साडी हँगरवर आहे, मी लिहिते आहे. मेलेल्या माणसाला पत्र लिहिणं हा प्रकार मी वर्गात नेहमी नापास करत आले. लिहिणाऱ्याला उत्तराची भीती नसते, म्हणून तो स्वतःला फार चांगलं दाखवतो. मीही वर एके ठिकाणी तसं केलं आहे. ते खोडत नाही, इथे लिहिते. तू गेलीस त्या दिवशी मी पेटी उघडली तेव्हा जांभळी साडी वर नव्हती. तळाला होती, टॉवेलांच्याही खाली, जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली. वर दहा बऱ्या साड्या होत्या. मी त्या बाजूला करून ती शोधून काढली, अभ्रा सोडला, घडीतली चिठ्ठी काढून घेतली आणि मग साडी काकूच्या हातात दिली. चिठ्ठी मी वाचली होती. "धाकटीकडून. आतून रंग गेलेली. तिच्या पोराच्या लग्नात हीच द्यायची." त्यातला "पोराच्या" हा शब्द तू खोडला होतास आणि वर "नातवाच्या" लिहिलं होतं. पेन्सिलीचा दाब कमी होता, अक्षर डावीकडे कललेलं. म्हणजे ते तू डाव्या हाताने लिहिलंस, माझ्या घरी, खोळीत बसून, मी कॉलेजला गेलेली असताना. मला ते त्या दिवशीही कळलं होतं.

आज सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी मी दारात उभी होते. दुखरा हात आधी घातला. चौदा मिनिटं लागली. खालचं एक टिचबटण लागलं नाही, ते पदराखाली राहिलं. भाची साडेसातला आली, जीपमधून न उतरता तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि दार उघडलं. पिशवी मी मांडीवर घेतली. पुण्याचं ती काही बोलली नाही.